सुपभर ज्वारीत घेतलेली पोरगी

पोरीच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या आणि डॉक्टरीणबाई विचारत होत्या, हिला गोवरची सुई दिली होती का. अकोल्याच्या दवाखान्यात पोरीची आई आणि मी एकमेकींच्या तोंडाकडे पाहत उभ्या राहिलो. पोरीच्या अंगभर पुरळ, डोळे चिकटलेले, रडायलाही दम नाही. सुई दिली नव्हती. त्यांनी नाकाला ऑक्सिजनची नळी लावली, सलाईन टोचलं, आणि मग सिस्टरनं रजिस्टर उघडून विचारलं, आई कोण?

आईनं माझ्याकडे बोट केलं.

माझी सत्तरी कधीच उलटलेली, तोंडाचं बोळकं. सिस्टरनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाई चिडल्या, ही काय थट्टेची वेळ आहे का म्हणाल्या. त्या इकडच्या नव्हत्या, त्यांना कसं कळावं.

बार्शीटाकळीला आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. पोरीची आई माझी शेजारीण, तिची आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली. ही तिसरी माहेरी, अमरावतीला झाली. इकडे आणली तेव्हा आमच्यात करतात तसंच केलं. पोरगी सुपात घालून माझ्या दारात ठेवली, मी सुपभर ज्वारी दिली आणि पोरगी विकत घेतली. मरण शोधत आलं तर त्याला ती आईच्या घरी सापडू नये म्हणून. पाच वर्षांची झाली की गुळानं तोलून आईनं परत न्यायची. तोवर दूध आईनंच पाजायचं, निजवायचंही तिनंच, पण चारचौघांत 'माझी' म्हणायचं नाही. माझा असल्या गोष्टींवर फारसा विश्वास नाही. पण दोन लेकरं गेलेल्या बाईशी कोण वाद घालणार? आणि ज्वारी घरात होती.

सरकारी दवाखान्याची आशाताई सुईसाठी घरोघर फिरून लहान लेकरं लिहून नेते. ती गल्लीत नवीन होती. शेजारणीच्या दारात गेली, तर शेजारीण म्हणाली आमच्या घरी लेकरू नाही. मग माझ्या दारात आली. मी म्हटलं, बाई, माझ्याकडे पाहून तुला काय वाटतं? ती हसली, दारावर खडूनं खूण केली आणि पुढे गेली. भिंतीच्या या बाजूला लेकरू नाही, त्या बाजूलाही नाही. सरकारच्या हिशेबी पोरगी अमरावतीत जन्मली आणि आमच्या गल्लीत आलीच नाही. गोवरला मात्र घर बरोबर सापडलं.

दवाखान्यात आई काही केल्या तोंड उघडेना. 'माझी' म्हटलं की पोरगी गेली, एवढंच तिच्या डोक्यात. डॉक्टरीणबाई पोरीकडे वळल्या तशी सिस्टर माझ्याकडे सरकली. खेड्यातलीच बाई ती.

"कायच्यात घेतली, माय?"

"सुपभर ज्वारीत."

"महाग घेतली. मले तं माह्या मामीनं कोंड्यात घेतलं होतं." मग आईकडे न पाहताच म्हणाली, "हिले बोलाचं काई काम नाई. बुढी सांगते, मी लिवतो."

आईचं नाव, वय, गाव, सगळं मी सांगितलं. आई भिंतीकडे तोंड करून उभी होती, जशी काही दुसऱ्याच कोणाची विचारपूस चालली आहे. अंगठा कोणाचा घ्यायचा यावर सिस्टर जरा अडली. मी म्हटलं, आण इकडे, मला सही येते.

पोरीनं आम्हा दोघींना बरेच दिवस घोर लावला. मी रडले नाही, आई माझ्याही वाटचं रडली. एका सकाळी पोरीनं स्वतःच नाकातली नळी ओढून काढली आणि सिस्टरच्या चहातल्या बिस्किटाकडे हात केला. सिस्टरनं बिस्किट दिलं आणि नळी काढली म्हणून दोन शिव्याही दिल्या. पोरगी दोन्ही खाऊन हसली.

घरी आल्यावर मी आशाताईला बोलावलं. शेजारीण दारात उभी होती, तिला ऐकू जाईल असंच म्हटलं, "तिनं तिचं लेकरू मोजू नाई, कबूल. पन म्या इकत घेतलेला माल म्या मोजला तं कोनाचं काय जाते?" शेजारणीनं विचार केला. मग तिनं पोरगी आणून माझ्या ओट्यावर बसवली. पोरगी माझ्या घरात लिहिली गेली.

मग एक दिवस आरोग्य खात्याचा माणूस मोटरसायकलवर आला. सत्तरीची विधवा आणि घरात वर्षाचं मूल, असं लिहिलेलं पाहून खात्यात ती चूक वाटली होती. त्यानं विचारलं, आजी, पोरगी खरंच तुमची? मी म्हटलं, पावती नाई भेटली, पन साक्षीले सारी गल्ली हाये. तोवर गल्ली जमलीच होती. चहा-पोह्यांशिवाय त्याची सुटका नव्हती. पोरीनं त्याचा पेन घेतला तो परत दिलाच नाही.

त्यानंतर गल्लीत अशी आणखी विकलेली लेकरं निघाली. सुईच्या दिवशी खरेदीदार बाया आपापला माल काखेत घेऊन रांगेत उभ्या, आणि खऱ्या आया लांब लिंबाखाली, भलतीकडे पाहत. लेकरू किंचाळलं की इकडची ढिम्म आणि तिकडची पदर तोंडात कोंबून. मला हसू आवरेना. आशाताईनं आता विचारायची तऱ्हाच बदलली. घरात लेकरू आहे का, असं विचारत नाही. विकत घेतलेलं आहे का, असं विचारते.

त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या बऱ्याच घरांत गोवर शिरला. पोरगी वाचली. बाकीची लेकरंही सगळी वाचली.