हात कुठे होता?

दुसरी मोठी लढाई संपून वर्षभर झालं असेल. नर्सिंग पास होऊन मला तीन वर्षं झाली होती आणि रक्तदाब मोजण्यात मी चुकत नाही, अशी माझी खात्री होती. आठवड्यातून एकदा मी बेलापूरजवळच्या एका खेड्यात गरोदर बायकांना तपासायला जायची. एक खोली, टेबल, दोन खुर्च्या आणि पाऱ्याचं यंत्र, एवढा पसारा.

एकदा देवळाली प्रवराकडच्या उसातल्या वस्तीवरून एक सासू सुनेला घेऊन आली. सून पहिलटकरीण, आठवा महिना. पाय सुजलेले, डोकं दुखतंय म्हणाली. लघवीची बाटली मात्र लाजून रिकामीच परत दिली. सासू खुर्चीवर बसली, सून जमिनीवर. मी दुसरी खुर्ची पुढे केली तर सुनेनं नको म्हणून मान हलवली.

"तिला काय व्हतंय खाली बसाया?" सासू म्हणाली. "उद्या म्हनाल, पलंगावर च्या द्या."

मी हट्ट धरला नाही. एक सासू दुखावली की वस्तीवरच्या दहा बायका यायच्या बंद होतात. यंत्र टेबलावर होतं, नळी आखूड होती. सुनेला हात उंच करून टेबलावर टेकवायला लावला, पट्टा बांधला. एकशे अठ्ठावीस. "ठीक आहे. मीठ कमी करा, पुढच्या आठवड्यात या," असं सांगून पाठवून दिलं.

संध्याकाळी आमच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी माझी वही वाचली.

"एवढी सूज, डोकं दुखतंय आणि दाब एकशे अठ्ठावीस? हात कुठे होता?"

"टेबलावर."

"आणि ती?"

"खाली."

त्यांनी एनिमाचा डबा खिळ्याला अडकवून त्यात पाणी भरलं आणि नळीचं तोंड माझ्या हातात दिलं. खाली धरलं तर धार जोरात. वर नेत गेले तशी मंदावली, मग थांबली.

"डबा म्हणजे हृदय, नळीचं तोंड म्हणजे हात. धार थांबली म्हणून डब्यातलं पाणी संपलं का?"

"नाही. पण बाई, मोजण्याआधी पारा शून्यावर होता. मी पाहिला होता."

"शून्य म्हणजे दाबच नाही, असं नव्हे. हवेचा भार पाऱ्यावर असतोच. तो धरायचा नाही असं ठरवून ही पट्टी आखली आहे. हवेच्या वर किती, एवढंच ती सांगते. तसंच हाताचं. हात हृदयाच्या पातळीला धरायचा, हे ठरलेलं. तू तो वीतभर वर नेलास. तुझा आकडा खरा आहे, पण तो हाताचा आहे. बाईचा दाब त्याहून वीसएक जास्त धर."

दुसऱ्या दिवशी सकाळीच टांगा करून मी वस्तीवर गेले. सासू अंगणात बाजरी पाखडत होती.

"काल म्हनला ठीक हाय. राती काय बिघडलं? तिचं का तुमचं?"

"माझं. मी चुकीचं मोजलं."

"मंग आज बरूबर मोजताय कशावरनं?"

प्रश्न रास्त होता. मी सुनेला बाजेवर बसवलं, हाताखाली छातीच्या उंचीला गोधड्या रचल्या. एकशे छप्पन्न. मग तिला कालसारखंच खाली बसवून हात वर धरायला लावला. एकशे चौतीस. दोन्ही वेळा सासूला पारा दाखवला. आकडे तिला येत नव्हते, पण पारा कुठे थांबला ते तिनं बोट लावून पाहिलं.

"ह्यातलं खरं कंचं?"

"काळजाच्या उंचीवरचं. इस्पितळात न्यायला हवं, आत्ताच."

सुपातली बाजरी तशीच ठेवून ती उठली. "सकाळपास्नं म्हनती, डोळ्याम्होरं काजवे दिसत्यात," ती हळूच म्हणाली आणि मुलाला टांग्यात बिछाना टाकायला सांगितलं.

इस्पितळ मैलभर राहिलं असताना सुनेला आकडी आली. तिच्या दातांत मी पदराचा बोळा धरला, सासूनं पाय धरले. सून वाचली. मूल मेलेलं जन्मलं.

दहाव्या दिवशी त्या घरी निघाल्या. बोचकं बांधता बांधता सासूनं विचारलं, "त्या दिशी खुर्चीवर बसवली असती तर प्वार जगलं असतं का?"

"सांगता येत नाही. एक दिवस आधी आणता आली असती, एवढं खरं."

"मीच बसू दिली न्हाई."

"बसवणं माझं काम होतं."

सून शेजारीच उभी होती. तिनं आम्हा दोघींकडेही पाहिलं नाही. पदर सारखा केला आणि एकटीच बाहेर चालू लागली.