जात्याची दृष्ट

काल फोडणीत मिरची करपली आणि घरभर तिखट धुराचा खाट उठला. बाहेरच्या खोलीत पडलेले अण्णा, माझे वडील, खोकत उठून बसले.

कुंभार पिंपळगावला अण्णा शाळेत विज्ञान शिकवायचे. दर अमावस्येला आई आमची दृष्ट काढायची. पूर्वेला तोंड करून एकेकाला पाटावर बसवायची, मीठ-मोहरी-मिरच्यांची मूठ डोक्यापासून पायांपर्यंत सावकाश उतरवायची आणि चुलीत टाकायची. ठसका लागला नाही, की दृष्ट होती म्हणायची. शेवटी अण्णांचा नंबर. ‘जल्दी उरक,’ म्हणत तेही बसायचे.

एका अमावस्येला त्यांनी प्रयोगच मांडला. एक मूठ माझ्यावरून उतरवायला लावली, दुसरी जात्यावरून. दोन्ही विस्तवात पडल्या. कोणालाच ठसका लागला नाही.

“घ्या! जात्यालाबी दृष्ट लागली म्हणायची!” अण्णा हसले. आम्ही पोरंही हसलो.

“बराबर हाय तुमचं,” आई म्हणाली आणि तिनं पाट भिंतीला लावून ठेवला. दृष्टीसाठी तो पुन्हा कधी मांडला गेला नाही. दिवसभर कामात बुडालेली आई तेवढ्यापुरतीच एकेकासमोर थांबायची, अंगभर बघायची. प्रयोग खोटा नव्हता. पण त्यात हे कुठं धरलं होतं?

आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

“फोडणी जळाली, अण्णा. पडा तुम्ही,” मी म्हणाले.

ते पडले नाहीत. मांडी घालून, पूर्वेला तोंड करून, डोळे मिटून बसले होते.

“बसू दे गं थोडं,” म्हणाले. “आज जल्दी न्हाई.”