चाकणचे पोहे आणि आत्याचं वजन

चाकणला जायचं ठरलं ते माझ्या लग्नासाठी, आणि रखडलं ते पेट्रोलपायी. छप्पन साल सरत आलं होतं. तिकडे सुवेझचा कालवा बंद पडला आणि इकडे चिंचवडच्या आमच्या वाण्याने रॉकेलच्या पिंपावर फडकं टाकलं. "जहाजं अडकलीत," असं तो अशा रुबाबात सांगायचा, जणू जहाजं त्याच्या मेव्हण्याचीच! मी पिंपरीला औषधांच्या कारखान्यात शिफ्टला जायचो आणि आत्या रॉकेलच्या रांगेत. आईवडील माझ्या लहानपणीच गेले, मला वाढवलं आत्याने. त्यामुळे मुलगी मी बघायची आणि पसंत आत्याने करायची, असा आमचा सरळ कारभार होता.

कारखान्यातला दोस्त गुलाबराव म्हणाला, "राव, मुलगी बघायला एसटीने जाता? माझी मोटार काय पूजेला ठेवलीय?" मोटार त्याला मामाकडून मिळाली होती. मामाने ती का दिली, हे आम्हाला वाटेत कळलं.

तुम्हाला जायचं असेल तर रस्ता सोपा आहे. चिखली, मोशी, मग इंद्रायणी ओलांडली की चाकण. आता तिथे कंटेनर अंगावर येतात, तेव्हा फक्त धूळ यायची. बरोबर गूळ-शेंगदाणे घ्या, आणि गुलाबरावासारखा माणूस घेऊ नका. पेट्रोल वाचवायला हा पठ्ठ्या प्रत्येक उतारावर इंजिन बंद करायचा आणि प्रत्येक चढावर मला खाली उतरवायचा. मी नवरदेव की हमाल, हेच मला कळेना.

इंद्रायणी ओलांडली आणि मोटारीने राम म्हटला. एका शेतकऱ्याने दया येऊन बैल जुंपले. मी म्हटलं, "आत्या, उतर, बैलांना ओझं होतंय."

"मोटारीनं येनार म्हनून गावाला सांगितलंय. उतरायची न्हाई!"

अशी आमची स्वारी निघाली. पुढे बैल, मागे मोटार, आत आत्या, आणि गुलाबराव उगाचच भोंगा वाजवतोय. मुलीचे वडील किसनराव वेशीवर उभे होते. हसू दाबत म्हणाले, "ह्ये झ्याक केलंत पाव्हणं. बैलाला काय कुनाच्या कालव्याचं प्येट्रोल लागत न्हाई!"

किसनरावांना एकच वेड होतं. पुण्याच्या शेतकी प्रदर्शनात बघून आले आणि परसात शेणाचा गॅस केला. विहिरीसारखा खड्डा, त्यात पाण्यात कालवलेलं शेण आणि वर उपडं तरंगणारं मोठं लोखंडी पिंप. गॅस साठला की पिंप वर येतं, वापरला की खाली बसतं. तिथून नळी थेट स्वयंपाकघरातल्या शेगडीला.

आत्याने नाकाला पदर लावला. "श्येनावर केलेलं मी खायची न्हाई, बाई!"

आतून मुलीचा आवाज आला, "तुमच्याकडं चूल कशावर पेटती, आत्याबाई?"

"गोवऱ्यांवर!" आत्या ठसक्यात बोलून गेली, आणि मग तिने नाकावरचा पदर हळूच खाली घेतला. मी तर त्या आवाजावरच पाघळलो होतो. तिचं नाव इंदू.

पोहे फोडणीला पडले. कांदा चाकणचा, वास थेट ओसरीपर्यंत. आणि ज्योत मालवायला लागली! झालं असं की, पाहुणे येणार म्हणून किसनरावांनी सकाळपासून अख्ख्या गावाला बोलावून गॅसवरचा चहा पाजला होता. दाखवण्याच्या हौसेत पिंप पार खाली गेलं होतं. आता ताजं शेण घालूनही उपयोग नव्हता, त्याचा गॅस व्हायला दिवस लागतात. आणि आमच्या आत्याचा नियम कडक होता: बघण्याचे पोहे कच्चे राहिले तर ते स्थळ सोडायचं.

"दादा, वजन टाका वर! उरलाय त्यो तरी ढकला!" इंदू आतून वडिलांना ओरडून म्हणाली.

किसनराव पिंपावर चढले. ज्योत जराशी वाढली. मी चढलो, गुलाबराव चढला.

"अजून थोडं!"

आम्ही तिघांनी आत्याकडे पाहिलं. आमची आत्या म्हणजे भरभक्कम बाई. "मेल्यांनो, माझ्याकडं काय बघता?" म्हणाली खरी, पण मोडायला आलेलं स्थळ तिलाही दिसत होतं. आम्ही तिला जागा करून दिली. दोन्ही हातांनी नऊवारी सावरत ती पिंपाच्या मधोमध बसली, आणि आत ज्योत अशी फुलली की इंदू टाळ्या पिटायला लागली. आत्याने पोहे दोनदा मागून घेतले.

मग रीतीप्रमाणे प्रश्न झाले. ते संपले तसं इंदूनेच विचारलं, "तुमच्याकडं म्हस हाय का?"

"नाही. भाड्याची खोली आहे," मी म्हणालो.

"मग सैपाक?"

"गोवऱ्या मिळाल्या तर चूल, नाहीतर रॉकेलचा स्टोव्ह. त्याला रांग लावावी लागते."

"मग मी न्हाई येत. रांगंत हुबं ऱ्हायला लगीन कशाला करायचं?"

किसनरावांनी कपाळाला हात लावला. मला रडू यायचंच बाकी होतं. मोटार तिथेच सोडून आम्ही एसटीने परतलो.

दुसऱ्या दिवशी रांगेत उभी राहून ती रिकामा डबा घेऊन परतली. डबा आपटला आणि म्हणाली, "चाकनला म्हशींचा बाजार कंदी असतो रं?"

आम्ही पिंपरीजवळ रहाटणीत परस असलेलं घर घेतलं. घरात आधी म्हैस आली, मग पिंप आलं, आणि वैशाखात इंदू आली.

आजही कुठल्या तरी समुद्रात काही अडलं की आमच्या सोसायटीत लोक सिलिंडर हलवून बघतात आणि भाजीवाला भाव वाढवतो. चूल दुसऱ्याच्या हातात असली की देश काय आणि घर काय, दोघांनाही मिंधेपण येतं. हे मला पेपरातून नाही, आत्याकडून कळलं. तिचा नवरा ऐन तारुण्यात गेला. आधी दिराच्या, मग भावाच्या म्हणजे आमच्या घरी, तेलामिठासाठीसुद्धा दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत तिने जन्म काढला होता.

इंदूने पहिल्या सकाळी शेगडी पेटवली तेव्हा आत्या त्या निळ्या ज्योतीकडे बघत उभी राहिली. मग तिने पदर डोळ्यांना लावला.

"काय झालं, आत्याबाई?" इंदूने विचारलं.

"काय न्हाई गं. धूर गेला डोळ्यात."

त्या शेगडीला धूर नव्हता.