रुबिना मॅडमची झडती

दर रविवारी सराव परीक्षेआधी रुबिना मॅडम मानोऱ्यातल्या क्लासच्या दारात आमची झडती घ्यायच्या. केसांतल्या पिनांपासून चपलेच्या बक्कलपर्यंत. "हे कायले घालून आली? सासरी चालली का?" आम्ही तांड्यांवरच्या सहा मुली; डॉक्टर व्हायचं खूळ त्यांनीच आमच्या डोक्यात घातलेलं. दीड वाजला की दार बंद, नीटच्या केंद्रासारखंच. एकदा एसटी चुकली, दोन मिनिटं उशीर झाला, तर मला तीन तास उन्हात उभं ठेवलं. मी रडले, तर आतून म्हणाल्या, "रड. नीटच्या गेटावर रडाले वेळ नसते." त्याचा राग मला अजूनही थोडा आहे.

आई-बाबा सहा महिने ऊसतोडीला, म्हणून मला आजीनंच वाढवलं. पहिल्या खेपेला नीट थोडक्यात हुकली होती. आणखी एक वर्ष द्यायला बाबा तयार नव्हते.

दुसऱ्या खेपेला वाशीमच्या केंद्रावर तपासणीचं मशीन माझ्या कमरेखाली वाजलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा वाजलं. खिसा नाही, पट्टा नाही. तपासणारी बाई म्हणाली, "बाजूला व्हा." दीड वाजायला सात मिनिटं होती.

आम्हाला सोडायला आलेल्या मॅडम दोरीपलीकडून म्हणाल्या, "सुनीता, कुर्ता कोनं धुतला?"

"आजीनं."

"इकडं ये."

त्यांनी खालची दुमड चाचपली. आत गोल, कडक काहीतरी होतं. दृष्ट लागू नये म्हणून आजीनं भोकाचा जुना तांब्याचा पैसा शिवून टाकला होता. कात्री कुठली असणार तिथं? मॅडम रस्त्यावरच गुडघ्यावर बसल्या आणि त्यांनी दातांनी टाके तोडले. "दोन वर्सं झडती घेतली, अन् आजीलेच इसरली मी," स्वतःवरच चिडून पुटपुटल्या. "पळ आता."

दोन मिनिटं उरली असताना मी आत गेले.

संध्याकाळी मॅडम माझ्यासोबत तांड्यावर आल्या. वाटभर मी आजीला काय काय सुनवायचं ते जुळवत होते. आजीनं मात्र आधी उसवलेला कुर्ता पाहिला आणि तिचं तोंड उतरलं. "पैसा कुठी हाय?"

मॅडमनी मूठ उघडली. "आत नेऊ देत नाही, आजी. पेपर होयेपर्यंत मीच धरून होती."

तळहातावर भोकासकट गोल वळ उमटला होता. मी सुईदोरा शोधायला उठले.

एमबीबीएसच्या यादीत माझं नाव आलं. आता नीटच्या दिवशी मॅडम झडतीला लागल्या की आधी विचारतात, "घरी आजी हाय का?" मग शिवणी चाचपतात. काही सापडलं की उसवतात, आणि पेपर सुटेपर्यंत मुठीत धरून गेटाबाहेर उभ्या राहतात.