तांदळाचं म्हणून दिलेलं चॉकलेट

"तुमच्या मुलीला सिलिअ‍ॅक डिसीज आहे," जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि मी विचारलं, "साहेब, बट्टी तरी चालेल ना?"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कागदावर आतड्याचं चित्र काढून समजावलं. गव्हात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणकेला चिकटपणा येतो तो त्याचाच. बहुतेकांना ते पचतं, पण काहींच्या शरीराला ते शत्रू वाटतं. त्याच्याशी भांडता भांडता शरीर आपलंच आतडं खरवडून काढतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. यावर गोळी नाही. गहू, मैदा, रवा, जव जन्मभर बंद, हाच उपचार. त्यांनी तशी यादीच लिहून दिली.

प्राची तेव्हा अकरा वर्षांची होती. दोन वर्षं तिची उंची वाढली नव्हती. पोट फुगलेलं, सारखं तोंड आलेलं, दर आठवड्याला जुलाब. धुळ्यात आम्ही जंताचं औषध दिलं, लोहाचं सिरप दिलं, दृष्टसुद्धा काढली. शेवटी रक्ताची टीटीजी तपासणी झाली. शरीर ग्लुटेनशी किती भांडतंय ते तिच्यातून कळतं. मग एण्डोस्कोपी, म्हणजे तोंडातून बारीक नळी घालून आतड्याचा कण तपासायला घेणं. ती नळीला घाबरली नाही. बाहेरच्या बाकावर मीच घामाघूम झालो होतो.

मी एसटीत कंडक्टर आहे, धुळे-जळगाव गाडीवर. घरी बायको संगीता, माझी माय आणि प्राची. नियम म्हटला की तो पाळायचा, हा माझा स्वभाव. घरातून गहू हद्दपार केला. गिरणीत आधीच्या गव्हाचं पीठ मिसळतं म्हणून घरघंटी आणली. हिंगात मैदा असतो असं कळल्यावर हिंग बदलला. ज्वारी, बाजरी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भात; खानदेशातल्या पोरीला खायला काय कमी? यादीतल्या 'जव' या शब्दावर मात्र मी पेनानं काट मारली. आमच्याकडे जव पूजेला लागतात, खातं कोण?

अडचण होती ती पंगतींची. लग्न असो की बारसं, ताटात वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी ठरलेली. बट्टी म्हणजे गव्हाचाच गोळा. सगळे तुपात कुस्करून हाणायचे आणि प्राची डब्यातली भाकरी खायची. मला ते बघवत नसे. म्हणून मी ठरवलं, पंगत चुकली की चॉकलेट.

तेही मी निवडून घेतलं, बरं का. धुळ्याच्या स्टँडवरच्या टपरीत सगळी ओळीनं लावलेली असतात. वेफरचं नको, त्यात मैदा. बिस्किटाचं नको. शेंगदाणे-कॅरॅमलचं तिच्या दाढेत अडकायचं. राहिलं एक कुरकुरीत. वेष्टनावर तांदळाचे दाणे उडताना दाखवलेले. मागं बारीक इंग्रजीत 'राइस' वाचलं, त्याच्यापुढचा एक शब्द लागला नाही, पण नंतरचं 'माल्ट' वाचलं. माल्ट म्हणजे मुलांना दुधात घालून देतात ते, ताकदीचं. मला तर आनंदच झाला. उन्हाळ्यात वितळू नये म्हणून मी फ्रीजमधलं मागून घ्यायचो आणि ओल्या रुमालात गुंडाळून घरी आणायचो.

सहा महिन्यांनी टीटीजी थोडी उतरली. वर्षानं पाहिली तर पुन्हा वर. डॉक्टर म्हणाले, "कुठून तरी ग्लुटेन जातंय. मुलं बाहेर खातात आणि घरी सांगत नाहीत. जरा लक्ष ठेवा."

कंडक्टरला हे सांगायचं नसतं. गर्दीच्या गाडीत बिनतिकिटाचा माणूस मी लांबून ओळखतो. तो खिडकीबाहेर जरा जास्तच बघत असतो. आणि परतीच्या गाडीत प्राची पारोळ्यापर्यंत खिडकीबाहेरच बघत होती. मी मनातल्या मनात निकाल देऊन टाकला.

खरं सांगतो, मला फसवल्यासारखं वाटलं. हिच्यासाठी संगीतानं घरात पोळी करणं सोडलं, मायनं खापरावरची पुरणपोळी सोडली, आणि ही शाळेत समोसे खाते? घास कडू झाला माझा.

"मी काहीच खाल्लं नाही, पप्पा," विचारल्यावर ती म्हणाली. एकदाच म्हणाली. मी रोज तिचं दप्तर पलंगावर उलटं करायला लागलो. डबा हुंगायला लागलो. एकदा शाळेत गेलो आणि भर वर्गात तिच्या बाईंना विचारून आलो.

माय संतापली. "मनी नात खोटं बोलत नही. तुले बठ्ठा चोरच दिसतस!"

एका संध्याकाळी दप्तरातून चित्रकलेची वही पडली. तिच्या पानापानावर चॉकलेटची वेष्टनं उघडून चिकटवलेली होती, नखानं घासून सपाट केलेली. खाली तिच्या अक्षरात 'मामाचं लग्न', 'दीपनगरचं बारसं', 'धरणगावचं लग्न'. मीच दिलेली ती. म्हणून वही बाजूला ठेवली आणि बाकीचं दप्तर तपासत राहिलो.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्यांनी घरात येणाऱ्या प्रत्येक पाकिटाचं वेष्टन मागवलं होतं. संगीतानं मसाले, पापड, शेव यांची पिशवी भरली. प्राचीनं तिची वही घेतली.

बाईंनी पिशवी तपासली. सगळं ठीक. वही उघडली आणि पहिल्याच पानावर त्या थांबल्या.

"हे कोण देतं हिला?"

"मी," मी छाती काढून म्हणालो. "तांदळाचं आहे."

"तांदळाचंच आहे. पण त्या कुरमुऱ्यांना चवीसाठी बार्ली माल्ट लावलंय. बार्ली म्हणजे जव. यादीत होतं ना तुमच्या?"

त्यांनी मागच्या ओळीवर बोट ठेवलं. कंपनीला शिव्या द्यायला माझं तोंड उघडलेलं होतं, पण तिथं स्पष्ट लिहिलेलं होतं. पुढं तांदूळ मोठा, मागं जव मुंगीएवढा, इतकंच. मी प्राचीकडे बघितलं. ती वही मिटत होती.

"म्हणजे मी खोटं बोलत नव्हते," ती म्हणाली, आणि तेही मला नाही, बाईंना.

आमच्या धंद्यात एक अपमान ठरलेला असतो. रस्त्यात तपासणी पथक चढतं आणि प्रवाशांदेखत कंडक्टरची बॅग उघडतं. इतकी वर्षं इमानदारीनं नोकरी केली तरी तेवढा वेळ माणूस चोर असतो. त्या दिवशी मला जेवण जात नाही. तेच मी माझ्या लेकीशी चार महिने रोज केलं, आणि चोरीचा माल मीच पुरवत होतो. माझा विश्वासघात झाला म्हणून मी रागावलो होतो. तो झाला तिचा.

ज्यांच्या घरी हा आजार येईल त्यांच्यासाठी बाईंनी शिकवलेलं लिहितो. वेष्टन उलटं धरा. माल जास्तीपासून कमीपर्यंत क्रमानं लिहिलेला असतो. रविवारी आम्ही टपरीवरची सगळी चॉकलेटं पुढ्यात घेऊन बसलो, तर बहुतेकांत साखर पहिली निघाली, पौष्टिक म्हणून घेतलेल्या शेंगदाण्याच्यातसुद्धा. साधं दुधाचं एक ठीक वाटलं, पण खाली 'गव्हाचे अंश असू शकतात' अशी ओळ होती, म्हणजे तेही बाद. काळं, कडसर एक सापडलं, साखर जरा कमी आणि ती ओळ नसलेली. त्यात लोह असतं म्हणून त्यानं रक्त वाढतं अशी भाबडी आशा मात्र धरू नका. लोहाचं सिरप चालूच ठेवा. आणि यादीतल्या एकाही शब्दावर काट मारू नका. मुलांकडे बोट दाखवायच्या आधी स्वतःच्या हातात काय आहे ते बघा.

आता टीटीजी उतरली आहे. प्राचीचा गणवेश आखूड झाला, तेव्हा संगीतानं तो डोळ्यांना लावला. डॉक्टरांचे, त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

पण मी दिलेलं काहीही प्राची तसंच तोंडात घालत नाही. मी ड्युटीवरून आलो की ती म्हणते, "पप्पा, बॅग." मी बॅग देतो आणि हात मागं बांधून उभा राहतो. माय कोपऱ्यातून म्हणते, "आते कशी तपासणी व्हई राहिनी!"

परवा पुन्हा एका लग्नातली पंगत चुकली. मी ते काळं चॉकलेट आणलं. प्राचीनं मागची बाजू दोनदा वाचली, खाल्लं, आणि वेष्टन वहीत न चिकटवता माझ्या हातात दिलं.

"टाकून द्या, पप्पा."

मी ते अजून टाकलेलं नाही.