टिंबाएवढ्या माशीच्या कैवारी

डॉ. शैलजाताई निमकरांशी माझी ओळख भांडणातून झाली, आणि चूक माझी होती. लखनौमधल्या शेतीविषयक एका कार्यालयात मी प्रशासन अधिकारी होते. मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून इमारतभर कीटकनाशक फवारण्याच्या आदेशावर मी सही केली. ताईंची कीटकपालनाची खोलीही त्यात आली. त्यांनी वाढवलेल्या परजीवी गांधीलमाश्या दुपारपर्यंत मेल्या.

ताई माझ्या टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या. "मॅडम, किडीला मारणाऱ्यांनाच मारलंत तुम्ही."

"किडा तो किडा," मी कॉन्व्हेंटी तोऱ्यात म्हणाले. "मुंगीसारखा कामसू असता तर गोष्ट वेगळी."

"अच्छा? चला मग माझ्याबरोबर."

खोलीच्या भिंतीवर दोन चित्रं होती. एक दक्षिण अमेरिकेतल्या पानं कापणाऱ्या मुंगीचं. ती पानांचे तुकडे वारुळात नेते, त्यांवर बुरशी पिकवते आणि तीच खाते. "हाडाची शेतकरीण आहे ही," ताई म्हणाल्या, "पण तिनं मनावर घेतलं की झाड उघडंबोडकं." दुसरं चित्र ताईंच्या त्या टिंबाएवढ्या गांधीलमाशीचं. ती उसाच्या खोडकिडीच्या अंड्यात आपलं अंडं घालते. तिचं पिल्लू किडीला आतूनच खाऊन टाकतं. हे क्रूर आहे, ते ताईंनी लपवलं नाही. "पण उसाला ती तोंड लावत नाही. आता सांगा, शेतात कुणाला बोलवाल?"

 माश्यांची नवी अंडी मागवण्याच्या कागदावर मी त्याच दिवशी सही केली.

पाहणीत साहेबांनी रिकाम्या बरण्यांबद्दल विचारलं, तेव्हा ताई एवढंच म्हणाल्या, "नवी पिढी वाढवतो आहोत, सर." माझं नाव त्यांनी तेव्हा घेतलं नाही आणि नंतरही कधी नाही. म्हणून आज मीच सांगते आहे.

पंच्याहत्तरीतही ताई इंदिरा नगरहून ई-रिक्षाने त्या खोलीत येतात. अंडी चिकटवलेल्या कागदी पट्ट्या शेतकऱ्यांच्या हाती देताना बजावतात, "भैया, पत्ते के नीचे लगाना. ऊपर धूप में मर जाएँगी बेचारी."

आता त्याच खोलीचं पाहुण्यांसाठी प्रतीक्षागृह करायचं घाटतं आहे. सोफे आलेसुद्धा! लखनौच्या आपल्या मराठी मंडळाने ठेवलेल्या ताईंच्या या सत्काराला त्याच कार्यालयाचे संचालक प्रमुख पाहुणे आहेत. ते ताईंना शाल घालतील. शालीवर माश्या वाढत नाहीत. संचालकसाहेबांना मराठी येत नाही, म्हणून हा लेख मी त्यांना समोर बसून हिंदीत, सावकाश वाचून दाखवणार आहे.

ताईंना निरोगी शंभर वर्षं लाभोत, आणि ती त्याच खोलीत कामात जावोत. त्या खोलीच्या मुळावर एकदा माझी सही आली होती. सोफे परत पाठवा म्हणणाऱ्या अर्जावर पहिली सही माझीच आहे.