वाटेतला डॉक्टर

नागपुरातल्या धंतोलीच्या एका दवाखान्यात बायकोच्या तपासणीसाठी बसलो होतो. तिच्या आजारपणात आमची बालीची तिकिटं रद्द झाली होती आणि मी मनातल्या मनात कुढत होतो. समोर पारशिवनी गावाहून आलेलं एक म्हातारं जोडपं होतं. म्हातारीच्या केसांत गजरा, म्हाताऱ्याच्या कपाळावर चढवलेला काळा गॉगल आणि मांडीवर जेवणाचा डबा. बस चुकेल की काय, अशा घाईने तो सारखा घड्याळ बघत होता.

"कोणाची तपासणी?" मी विचारलं.

"हिची. दर महिन्याले राहते. पण भाऊ, आम्ही दवाखान्यासाठी नाही येत. नागपूर फिरायले येतो, अन् वाटेत डॉक्टरले भेटून घेतो. मागच्या खेपेले मेट्रोत बसलो. आज कुठं जावं, तुम्हीच सांगा."

दुबई, बँकॉक पाहिलेला मी जन्माचा नागपूरकर. मला एक जागा सुचेना. शेवटी माझी बायकोच म्हणाली, "महाराजबागेत जा. सावलीत डबा खाता येईल."

म्हाताऱ्याने तिथेच गॉगल डोळ्यांवर ओढला.

महिन्याभराने आमची पुढची तारीख आली. मी फाईल घेऊन दारात उभा होतो. बायको गजरा माळून बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, तुमचा गॉगल कुठं आहे?"